मान, मानधन आणि मजुरी

सोलापुरात जानेवारी हा मानसन्मानाचा महिना होय. संक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ते धरण्याचा मान शहरातील निरनिराळ्या समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याच सुमारास, १२ जानेवारीस, शहर आपल्या चार हुतात्म्यांना अभिवादन करते. पुढे प्रजासत्ताक दिन येतो, ८ मार्चचा महिला दिन येतो, १ मे येतो. आणि प्रत्येक निमित्ताने कोठे ना कोठे मंडप पडून समाजसेवेबद्दल व वैयक्तिक यशाबद्दल नागरिकांचे सत्कार होतात. या समारंभांना अलीकडे असा ऊत आला आहे की, सत्कारमूर्ती कोण आणि सत्कार करणारा कोण, हे फलकावरील छायाचित्रांच्या आकारावरून ओळखावे लागते. मोठे छायाचित्र बहुधा सत्कार करणाऱ्याचे असते.

या प्रकाराची टिंगल करून मोकळे होणे सोपे आहे. आपल्यापैकी काही कार्यकर्ते तसे करतातही. सत्कार हा बड्यांचा खेळ, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्याचे काय, असा त्यांचा सूर असतो. आम्हांला ही भूमिका मान्य नाही. ज्याने समाजासाठी खस्ता खाल्ल्या त्याचे नाव चारचौघांत घेतले जाणे ही माणसाची रास्त अपेक्षा आहे, आणि कष्टकऱ्याला तर ती अधिकच आहे. कारण त्याचे नाव हजेरीपटापलीकडे सहसा कोणी लिहीत नाही. तेव्हा सत्कार असावेत की नसावेत हा वाद नाही. सत्कार केल्याने करणाऱ्याच्या अंगावर काही जबाबदारी येते की नाही, हा खरा प्रश्न आहे. येत असेल तर तो सत्कार. येत नसेल तर ती देणे चुकविण्याची युक्ती.

हा निकष आम्ही बाहेरून आणलेला नाही. नंदीध्वजाचा मानकरी काय करतो ते पाहावे. तो उंच, जड ध्वज त्याला स्वतः पेलावा लागतो; त्यासाठी कित्येक दिवस आधीपासून सराव करावा लागतो; आणि अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेत तो तोलून धरीत मैलोगणती चालावे लागते. तेथे मान आणि भार वेगळे काढता येत नाहीत. ज्यांच्या नावाने ही यात्रा भरते ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातील शिवशरण. त्यांची आठवण या शहराला राहिली ती तलाव खोदविणारा, श्रमाला कायक म्हणून प्रतिष्ठा देणाऱ्या परंपरेतला पुरुष म्हणून. भुईकोट किल्ल्याशेजारचा तो तलाव आजही शहराच्या मध्यावर आहे.

आता हुतात्म्यांकडे वळू. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आले. चौघे चार समाजांतले. त्यांचे पुतळे चौकात एकत्र उभे आहेत ही या शहराची मोठीच शिकवण आहे. परंतु १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात जे घडले, ते चौघांच्या बळावर घडलेले नव्हते. गिरण्यांतील हजारो कामगार काम टाकून रस्त्यावर आले, गोळीबार झाला, काही दिवस सरकारी अंमल शहरातून जवळजवळ उठला, आणि १२ मे रोजी सरकारने लष्करी कायदा पुकारला. त्या कायद्याखाली शिक्षा भोगलेल्या, गोळीबारात पडलेल्या सामान्य माणसांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? चार नावे घेताना त्यांच्यामागे उभ्या असलेल्या गिरणगावाचे स्मरण होत नसेल, तर अभिवादन अपुरे राहते.

वैयक्तिक यश म्हणून ज्याचा गौरव होतो त्याचीही हीच गोष्ट आहे. मारुती चितमपल्ली हे सोलापूरचे. जन्म १९३२ चा. वनखात्यात आयुष्य घालवून त्यांनी पक्ष्यांचे, झाडांचे, रानातल्या रीतीभातींचे शब्द मराठीत आणले. २००६ साली सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. केंद्र सरकारची पद्मश्री त्यांना २०२५ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी मिळाली, आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात त्यांचे निधन झाले. सरकारी सन्मान किती उशिरा पोहोचतो याचा हा एक दाखला झाला. पण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. चितमपल्लींचे लेखन वाचणाऱ्यास ठाऊक आहे की, त्यांची विद्या केवळ ग्रंथांतून आलेली नव्हती. ती रानातल्या माणसांकडून, आदिवासींकडून आलेली होती आणि ते ऋण त्यांनी कधी लपविले नाही. त्यांना वाहिलेल्या सन्मानात त्या अनाम शिक्षकांचा वाटा होता.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लक्ष डॉलरांच्या त्या पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे त्यांनी तेथल्या तेथे जाहीर केले. हे वागणे त्या पुरस्काराहून मोठे होते. सत्कार करणाऱ्यांनी मात्र त्यातून काय घेतले? परितेवाडीच्या शाळेसारख्या छोट्या शाळांचे नाव घेऊन भाषणे झाली. आणि २०२३ साली राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूहशाळा करण्याची योजना पुढे केली. लहान गावातील शिक्षकाला डोक्यावर घ्यावयाचे आणि लहान गावातील शाळेच्या मुळाशी हात घालावयाचा, याची संगती कशी लावावी?

येथपर्यंत गाजलेल्या नावांचा विचार झाला. या गाजलेल्या नावांच्या मागे जी माणसे उभी असतात, त्यांचे काय होते ते पाहण्यासाठी एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. तो शब्द ‘मानधन’. अंगणवाडी सेविकेला, मदतनिसाला सरकार वेतन देत नाही, मानधन देते. आशा ही तर स्वयंसेविकाच. तिला कामागणिक मोबदला मिळतो. हे शब्द सौजन्याचे वाटतात. परंतु काम पूर्णवेळ, जबाबदारी सरकारी, हिशेब व नोंदवह्या सरकारी, चूक झाली तर नोटीसही सरकारी, आणि पैशाची वेळ आली की बाई स्वयंसेविका, असा हा व्यवहार आहे. मजुरी म्हटले की किमान वेतन येते, भविष्यनिर्वाह निधी येतो, निवृत्तिवेतन येते. मानधन म्हटले की यातले काहीच येत नाही. अशा रीतीने ‘मान’ हा शब्द ‘धन’ वाचविण्याच्या कामी लावण्यात आला आहे.

कोरोनाच्या साथीत आशांवर फुले उधळली गेली, त्यांना योद्ध्या म्हणून प्रमाणपत्रे दिली गेली. त्याच महाराष्ट्रातल्या आशांना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांवर आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्वाबद्दल गौरव केला. सरकारातील सर्वांनी अभिनंदनाची पत्रके काढली. आणि २०२४ च्या प्रारंभी राज्यातल्या आशा पुन्हा संपावर होत्या. अंगणवाडी सेविकांचा संप ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारीअखेरपर्यंत पन्नासहून अधिक दिवस चालला. गौरव जगाच्या पाठीवर आणि मोबदला मंत्रालयाच्या दारात अडकलेला, अशी ही स्थिती.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी दिलेला निर्णय कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत असे न्यायालयाने ठरविले. आणि उपदान कायद्यातील वेतनाची व्याख्या इतकी व्यापक आहे की मानधनही तीत येते, असे न्यायमूर्ती अभय ओक यांनी आपल्या निकालपत्रात नमूद केले. जे मंडपातल्या वक्त्यांना उमगत नाही, ते न्यायालयाला उमगले. आता तो निर्णय प्रत्येक सेविकेच्या हातात पडतो की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

सोलापूर हे विडी कामगार स्त्रियांचे शहर आहे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा हजारो घरांच्या चुली याच स्त्रियांच्या विड्यांवर पेटत राहिल्या. पाने कापावयाची, विड्या वळावयाच्या, कट्टे बांधावयाचे, कारखान्यावर नेऊन द्यावयाचे. त्यातल्या काही विड्या खराब ठरवून बाजूला काढल्या जाणार आणि उरलेल्यांची मजुरी हजारी हिशेबाने हातात पडणार. महिला दिनी यातल्या चारदोघींना साडीचोळी देऊन फोटो काढले जातात. पण या शहरात विडी कामगार स्त्रीच्या सन्मानाचे खरे उदाहरण हवे असेल तर कुंभारीला जावे. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे, धरणी आणि दिल्ली-मुंबईच्या वाऱ्या झाल्यानंतर तेथे महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेची दहा हजार घरे उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचा हस्तांतरण समारंभ झाला. त्या वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकर यांचे. ज्या बाईने १९४५ पासून वारल्यांना वेठीविरुद्ध उभे केले, तिच्या नावाची कमान किंवा चौक न करता, कष्टकरी स्त्रियांच्या दहा हजार घरांना ते नाव देण्यात आले. याहून उचित सत्कार आम्हांला तरी सुचत नाही. त्याच वाटेने पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिच्यातील पहिली पंधरा हजार घरे दिली गेली. घर देताना कोणत्या पंतप्रधानांचा फोटो निघाला हा मुद्दा गौण होय; घर कोणी झगडून मिळविले हे विसरू नये, एवढेच.

या शहराच्या इतिहासात आणखी एक दाखला आहे. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि नगरपालिकेने त्याला अनुदान दिले. याच नगरपालिकेने जानेवारी १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांना मानपत्र अर्पण केले. त्या काळी असे मानपत्र देणे म्हणजे उघडपणे एक बाजू घेणे होते. आधी मुलांच्या वसतिगृहाला हातभार आणि मग नेत्याला मानपत्र, हा क्रम आजच्या महापालिकेनेही लक्षात घ्यावा.

राज्यसंस्थेने दिलेल्या सन्मानांविषयी समाजवादी व गांधीवादी मंडळींच्या मनात पूर्वीपासूनच शंका होती. घटनेच्या १८ व्या कलमाने किताब रद्द केले. आचार्य कृपलानी यांनी १९६९ साली पद्म पुरस्कार बंद करण्याचे विधेयक लोकसभेत आणले. ते फेटाळले गेले. १९७७ साली जनता सरकारने हे पुरस्कार थांबविले, १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, परंतु ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. दिल्लीचे पुरस्कार राहोत वा जावोत. पेठेतला, वस्तीतला सत्कार आपल्या हाती आहे. तो कसा असावा, एवढे तरी आपण ठरवू शकतो.

पहिली गोष्ट अशी की, ज्याचा सत्कार करावयाचा त्याचे काम तारीखवार व नेमके लिहिले जावे. ‘थोर समाजसेवक’ म्हणून कोणाचेच काही कळत नाही; किती वर्षे रात्रशाळा चालविली, किती कामगारांचे भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज मार्गी लावले, हे लिहिले म्हणजे कळते. दुसरे असे की, निवड करणाऱ्यांत ज्यांच्यासाठी ते काम झाले ती माणसे असावीत. विडी कामगार स्त्रीची निवड कारखानदाराने करू नये. तिसरे, भाषणाची पहिली पाळी सत्कारमूर्तीची असावी, म्हणजे पाहुण्यांना ते ऐकल्याशिवाय जाता येणार नाही. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: सत्कारमूर्ती ज्या प्रश्नासाठी झिजली, त्या प्रश्नावरचा एक ठराव त्याच मंचावरून संमत व्हावा आणि पुढल्या वर्षी त्याच दिवशी त्याचा जाब विचारला जावा.

यात कोणाला कटकट वाटेल. मंगल प्रसंगी मागण्यांचे रडगाणे कशाला, असे म्हणणारे भेटतील. त्यांना सांगावे की, ज्या बाईच्या खांद्यावर तुम्ही शाल घालता तिच्या खांद्यावर आधीच बरेच काही आहे. त्यातले थोडे उतरवून घ्या, मग शाल घाला. येत्या १ मे रोजी आपल्या शाखांपैकी जी कोणी एखाद्या आशाताईचा सत्कार करणार असेल, तिने मानपत्रातच तिच्या थकलेल्या मोबदल्याचा महिनावार हिशेब लिहावा आणि तो सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. तो ऐकून एखाद्या पाहुण्याला उठून जावेसे वाटले, तर त्यांना खुशाल जाऊ द्यावे.