माळ पडीक नसतो

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात मोडनिंब नावाचे गाव आहे. पुण्याहून सोलापूरला जाणारा हमरस्ता या गावावरून जातो. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारा लोहमार्गही येथूनच पुढे जातो. गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला या भागात उसाची व ज्वारीची शेते दिसतात आणि मधूनमधून मुरमाड, दगडगोट्यांनी भरलेले माळ दिसतात. शेते पाहून त्याला समाधान वाटते. माळ दिसला की मात्र ‘सारी पडीक जमीन!’ असे म्हणून तो मान फिरवतो. ‘पडीक’ हा शब्द असा फार स्वस्त झाला आहे. तो उच्चारण्यापूर्वी घटकाभर थांबून विचार करणे अगत्याचे आहे.

वैशाखातील माळ उजाड दिसतो, हे खरे. पण मृगाच्या सरी कोसळल्या, की त्याच मुरमातून हिरवे कोंब डोके वर काढतात. मेंढरे राखणारा धनगर या माळाला पडीक म्हणत नाही. कुसळी कोणती, मारवेल कोणती, पवन्या कोणता, हे तो लांबूनच ओळखतो. कोणते गवत मेंढरांना मानवते आणि कोणते केव्हा चारावे, हे त्याला ठाऊक असते. प्रवाशाला जेथे एक गवत दिसते, तेथे धनगराला दहा गवते दिसतात. माळ एकच, पाहणारे डोळे तेवढे निराळे. ज्याची नावे आपणांस ठाऊक नसतात, ते आपल्याला रिकामे वाटते, एवढाच याचा अर्थ.

यावर कोणी म्हणेल, ‘गवतफुलांची नावे शास्त्रज्ञांनी केव्हाच लिहून ठेवली आहेत. आता नवे ते काय सापडणार?’ इंग्रजी अमदानीत थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला व तो 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. त्यानंतर शोधण्यासारखे काही उरले नाही, असे पुष्कळांना वाटत होते. सह्याद्रीच्या खडकाळ माथ्यांनी हा समज खोटा ठरवला. साताऱ्याजवळच्या कास पठारावरील डबक्यांत वाढणाऱ्या वायतुरा या पाणवनस्पतीचे शास्त्रीय वर्णन 1982 साली झाले आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव गुंफले गेले.

अंजनेरीचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराजवळ सुमारे 1,300 मीटर उंचीचा हा गड आहे. तो हनुमंताचे जन्मस्थान मानला जात असल्याने भाविकांची तेथे नित्य ये-जा असते. गडाच्या माथ्यावर कातळ आणि कातळावर मातीचा पातळ थर. त्यावर पावसाळ्यात गवत उगवते. या गवतात कंदीलपुष्पाच्या कुळातील एक लहानसे झुडूप वाढत होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव व त्यांचे सहकारी मालपुरे आणि कांबळे यांनी ते वेगळे असल्याचे ओळखले. 2006 साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि गडाच्या नावावरून त्याला ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ असे नाव दिले.

हे झुडूप त्यापूर्वी कोणाच्या दृष्टीस पडले नसेल काय? गडावर गुरे चारणाऱ्यांनी ते अनेकदा पाहिले असेल. मग शोध लागला तो कशाचा? याचे उत्तर असे, की पाहणे आणि पारखणे यांत मोठे अंतर आहे. कंदीलपुष्पाच्या जातीची झाडे वर्षातील बरेच महिने जमिनीखाली कंदाच्या रूपाने निजलेली असतात आणि पावसाळ्यातील थोडे आठवडेच फुलतात. फुलाची नळी कंदिलासारखी असते. तिच्या आतील केस खाली वळलेले असल्यामुळे आत शिरलेल्या चिमुकल्या माशीला लगेच बाहेर पडता येत नाही. पुढे ते केस सुकतात आणि माशी परागकण घेऊन निघून जाते. अशा फुलाचा प्रत्येक भाग मापावा लागतो व त्याचे चित्र काढावे लागते. मग जुन्या संग्रहांतील वाळवलेल्या नमुन्यांशी आणि पूर्वीच्या लेखांशी ते ताडून पाहावे लागते. त्यानंतरच ‘हे निराळे आहे’ असे म्हणता येते. नमुना म्हणून निवडलेले झाड दाबून, वाळवून संग्रहालयात कायमचे जपून ठेवतात, म्हणजे पुढे कोणालाही शंका आल्यास ती पडताळून पाहता येते. शोध म्हणजे अवचित लाभलेले घबाड नव्हे; ती चिकाटीने केलेली पारख असते.

‘या खटाटोपाने कोणाचे पोट भरणार?’ असा प्रश्न दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याने विचारला, तर तो वावगा म्हणता येणार नाही. परंतु त्याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातच आहे. मालदांडी ही या भागाची नावाजलेली ज्वारी. मोहोळ येथील कृषी संशोधन केंद्रात याच गावठी ज्वारीतून ‘मालदांडी 35-1’ हे वाण निवडले गेले आणि पुढे कितीतरी शेतकऱ्यांच्या रब्बी हंगामाचा ते आधार बनले. ज्वारीही गवताच्याच कुळातील आहे. हजार ताटांतून एक ताट वेगळे ओळखणारी नजर आणि हजार गवतफुलांतून एक फूल वेगळे ओळखणारी नजर या एकाच जातीच्या आहेत. प्रत्येक नवे फूल औषध होईल किंवा धान्य देईल, असे मुळीच नाही. पण कोणते उपयोगी पडेल हे आज सांगता येत नाही, म्हणूनच ओळख पटण्यापूर्वी कोणतेही नाहीसे होऊ देणे शहाणपणाचे नव्हे.

नावाचा आणखी एक उपयोग आहे. निनावी वस्तूच्या रक्षणासाठी कोणी उभे राहत नाही. अंजनेरीच्या झाडाला नाव मिळाले आणि लोक त्याची विचारपूस करू लागले. 2017 साली अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. पुढे गडावर मोटाररस्ता नेण्याचा विचार निघाला, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी या दुर्मिळ झाडाचे नाव पुढे केले. मात्र नावाबरोबर जबाबदारीही येते. कासची कीर्ती पसरली, तशी तेथे माणसांची झुंबड उडू लागली आणि जी फुले पाहायला लोक आले, तीच पायांखाली तुडवली जाऊ लागली. म्हणून ज्याला ओळखावे, त्याला जपावेही.

मोडनिंबचा माळ म्हणजे अंजनेरीचा गड नव्हे, आणि तेथे उद्या नवी वनस्पती सापडेलच असेही नाही. तरीही सोलापूरच्या माळांनी आपले मोल एकदा पटवून दिले आहे. माळढोक पक्ष्याला उघडे, गवताळ रानच मानवते, म्हणून 1979 साली त्याच्यासाठी सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील माळांवर अभयारण्य झाले. आज हा पक्षी तेथे क्वचितच दिसतो. माळ नांगरला गेला, खणला गेला किंवा तेथे सरसकट दाट झाडी लावली, तर माळावरचे जीव जाणार कोठे? सावली देणारे झाड लावणे चांगलेच; पण गवताचे घर मोडून लावू नये.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपल्याकडे म्हणतात. शोधासाठी दूरदेशीच जावे लागते, ही समजूत तशीच आहे. पावसाळ्यात गावाशेजारच्या माळावर जाऊन पाच गवते न उपटता निरखावीत, त्यांची नावे मेंढपाळाला किंवा आजोबांना विचारावीत आणि वहीत टिपून ठेवावीत. एखाद्याचे नाव कोणालाच सांगता आले नाही, तर ती जागा रिकामी ठेवावी. ती रिकामी जागाच पुढे एखाद्याला शोधाच्या वाटेवर नेईल. आणि ज्याने ही वही लिहिली, तो त्या माळाला पुन्हा कधी पडीक म्हणणार नाही.