जुनी यंत्रकरवत : दुरुस्त करावी की बदलावी ?

पावसाळा सरून रानातील वाटा वाळल्या की चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत लाकूडतोडीच्या हंगामाची तयारी सुरू होते. याच सुमारास कोपऱ्यात पडलेली जुनी यंत्रकरवत, म्हणजे आपण जिला चेनसॉ म्हणतो ती, बाहेर निघते. वीस वेळा दोरी ओढूनही ती सुरू होत नाही आणि दरवर्षीचा वाद पुन्हा उभा राहतो. एक म्हणतो, "पुष्कळ वर्षे वापरली, आता नवी घ्या." दुसरा म्हणतो, "आणखी एक हंगाम सहज निघेल." आमच्या मते या दोघांचीही कसोटी चुकते. यंत्राचे वय ही खरी कसोटी नव्हे व केवळ खर्चाचा आकडा हीही नव्हे. करवत धरणाऱ्याचे हातपाय सुरक्षित राहतील काय, हा पहिला प्रश्न होय. पैशाचा हिशेब त्यानंतरचा.

निकामी म्हणून बाजूस टाकलेल्या अनेक करवती वास्तविक निकामी नसतात. त्यांची निगा राखलेली नसते इतकेच. आपल्या भागातील सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश असतो. त्यामुळे चेनचे दात लवकर बोथट होतात. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या उडविते; बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. असा भुसा दिसू लागला की मजूर करवतीवर भार टाकतो, इंजिन तापते आणि दोष मात्र इंजिनाच्या माथी येतो. येथे उपाय गोल कानशीचा आहे, नव्या यंत्राचा नाही. चेन व पट्टी हे झिजण्यासाठीच असलेले भाग आहेत. ते बदलावे लागले म्हणून करवत म्हातारी झाली असे समजू नये.

दुसरे कारण इंधनाचे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. असे पेट्रोल टाकीत ठेवून करवत चार महिने पावसाळ्यात पडून राहिली, तर कार्बोरेटरमध्ये चिकट साका बसतो आणि जुन्या यंत्रातील रबरी नळ्या व पडदे खराब होतात. या वस्तू बदलणे म्हणजे किरकोळ दुरुस्ती होय. यास्तव हंगाम संपताच टाकी रिकामी करावी व उरलेले पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवावे.

खरी परीक्षा इंजिनाच्या पोटात आहे. यंत्र थंड असताना मिस्त्रीकडून सायलेन्सर काढवून आतील पिस्टन पाहावा. तो गुळगुळीत असेल तर यंत्रात जीव आहे. त्यावर उभे ओरखडे असतील तर तेल न मिसळलेले पेट्रोल भरले गेले किंवा कोठून तरी जादा हवा आत शिरत आहे, असा संशय घ्यावा. मूळ कारण दूर केल्यावाचून नवा पिस्टन बसविला तर तोही त्याच वाटेने जाईल. इंजिन शाबूत असून दुरुस्तीचा एकूण खर्च नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीच्या आत बसत असेल, तर दुरुस्ती करावी असे आमचे मत आहे.

तथापि या नियमास एक अपवाद आहे आणि तो नियमापेक्षा मोठा आहे. पूर्ण वेगात चेन सेकंदाला सुमारे 20 मीटर धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला तर करवत क्षणार्धात उसळून धरणाऱ्याच्या अंगावर येते. त्या क्षणी चेन थांबविणारा ब्रेक नसेल, अथवा असून चालत नसेल व दुरुस्तही होत नसेल, तर ती करवत उत्तम चालत असली तरी कामावरून काढावी. हादऱ्यांचेही तसेच आहे. 1960 च्या दशकात जपानमधील वनकामगारांत बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा विकार आढळला, तो यंत्रकरवतीच्या कंपनामुळे. इंजिन व मूठ यांमधील धक्के शोषणारे रबर तुटले असेल तर आधी ते बदलावे. ते मिळत नसेल तर यंत्र बदलावे.

नवी करवत घेतानाही स्वस्ताईला भुलू नये. एटापल्ली वा भामरागड तालुक्यातील माणसास एका सुट्या भागासाठी दूरवर जावे लागते आणि कामाचे दिवस बुडतात. ज्या यंत्राचे भाग जवळच्या बाजारात मिळतात व ज्याची माहिती तेथील मिस्त्रीला आहे, तेच यंत्र अखेरीस स्वस्त पडते.

आता निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न उरतो. सामायिक करवतीबाबत खर्चाचा हिशेब ठेवणारा एक आणि करवत धरणारा दुसरा, अशी स्थिती असते. काटकसर एकाची, जखम दुसऱ्याची. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेते; एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे चालू राहते. यंत्राच्या बाबतीत प्रत्येक संस्थेने व ग्रामसभेने हाच धडा घ्यावा. "ही करवत मी धरणार नाही" असे चालविणाऱ्याने म्हटले, तर त्याचे कारण ऐकून घेतल्याशिवाय दुरुस्तीचा वा खरेदीचा ठराव करू नये.

शेवटची सूचना अशी की, ब्रेक नसलेली करवत कामावरून काढल्यावर ती स्वस्तात शेजारच्या गावास विकू नये. उपयोगी भाग काढून घ्यावेत आणि उरलेला सांगाडा भंगारात द्यावा. आपल्या हातास जी धोक्याची, ती शेजाऱ्याच्या हातास सुरक्षित कशी होईल ?