सुट्टीतल्या सिनेमांची यादी

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून मी गठ्ठा बांधत होते, तेवढ्यात माझी लेक वही घेऊन समोर येऊन बसली. यंदा ती दहावीला गेली. म्हणाली, "अम्मी, जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्षभर पुस्तकं. त्याआधी पाहायच्या सिनेमांची यादी करू या." नियमही तिनेच ठरवले. शनिवारी इशाच्या नमाजनंतर, सगळ्यांनी एकत्र, आठवड्याला एक. सुट्टीचे शनिवार आठ, म्हणून सिनेमेही आठ.

सिनेमाबद्दल आपल्या समाजात एकमत नाही. काही घरांत तो पाहिलाच जात नाही. त्या घरांबद्दल मला आदर आहे आणि त्यांचे मत बदलावे म्हणून मी हे लिहीत नाही. पण ज्या घरात मुलांच्या हाती मोबाईल आहे, तिथे सिनेमा केव्हाच येऊन बसला आहे. तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि मूल एकटे असताना येतो. त्यामुळे आमच्या घरापुरता 'पाहावा की नाही' हा प्रश्न मागे पडला. काय पाहायचे, कोणाबरोबर आणि कशासाठी, एवढेच ठरवायचे उरले.

पहिली यादी दहा मिनिटांत झाली. सासूबाईंनी 'मुघल-ए-आझम' सांगितला, मुलांच्या अब्बांनी 'मेरे महबूब', मी 'पाकीजा' आणि 'चौदहवीं का चाँद'. धाकट्याने हट्टाने सुपरहिरोचा एक इंग्रजी सिनेमा घातला. लेकीने सगळे लिहून घेतले, यादी वरून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "अम्मी, यात आपल्यासारखं घर कुठं आहे?"

मी वही हातात घेतली. खरेच नव्हते. 'चौदहवीं का चाँद' १९६०चा, 'मेरे महबूब' १९६३चा, 'पाकीजा' १९७२चा. नवाब, शेरवान्या, चिलमन, मुशायरे, कोठे. हे सिनेमे मला आजही आवडतात, त्यांतली उर्दू कानाला गोड लागते. पण सकाळी दोन डबे भरून एस.टी. पकडणारी बाई त्यांत नाही. कचेरीत कारकुनी करणारा, महिनाअखेरीस हिशेब मांडणारा बाप नाही. पुढच्या काळातल्या सिनेमांत नवाब गेले, तर त्यांच्या जागी बंदूकवाला आला. आणि तिसरा नमुना म्हणजे नायकाचा जिवाला जीव देणारा दोस्त किंवा चाचा, जो मध्यंतराच्या आसपास मरतो. वर्गातली मुले, आपलीही आणि शेजाऱ्यांचीही, मुसलमान म्हणजे कोण हे अशाच नमुन्यांवरून ठरवतात, हे मी शिक्षिका म्हणून रोज पाहते.

म्हणून आम्ही यादी पुन्हा केली. या वेळी तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, दादीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना एकत्र बसून पाहता यावा आणि तो घरातल्या एका मोठ्या माणसाने आधी पाहिलेला असावा. दुसरी, त्यात कोणाच्या इबादतीची किंवा गरिबीची टिंगल नसावी, मग ती इबादत आपली असो की दुसऱ्याची. तिसरी, सिनेमा संपल्यावर घरात बोलायला काहीतरी उरावे. तिसरी अट सर्वांत अवघड ठरली आणि तीच सर्वांत कामाची.

'मुघल-ए-आझम' यादीत राहिला, कारण दादीचा शब्द मोडायचा नाही. धाकट्याच्या सुपरहिरोऐवजी आम्ही 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८चा माहितीपट घेतला. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवलेले नासिर शेख तिथल्याच लोकांना घेऊन 'मालेगाव का सुपरमॅन' कसा बनवतात, ते त्यात दिसते. सुपरमॅन झालेला शफीक हा काडीसारखा बारीक, यंत्रमागावर काम करणारा तरुण. धाकटा पोट धरून हसला. नंतर मी सांगितले की हा शफीक २०११ साली कॅन्सरने गेला. तेव्हा तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "पण तो उडाला ना." हा सुपरहिरो आता त्याला पुरतो.

'इकबाल' (२००५) घेतला तो वेगळ्या कारणासाठी. खेड्यातला, बोलता-ऐकता न येणारा मुलगा वेगवान गोलंदाज व्हायचे ठरवतो. बाप शेतीच कर म्हणतो, आणि धाकटी बहीण खदीजा भावाचा आवाज होते. घर मुसलमानाचे आहे, पण तो कथेतला प्रश्न नाही. प्रश्न चेंडूचा, पैशाचा आणि बापाच्या भीतीचा आहे. लेक म्हणाली, "हे आपल्यासारखं आहे." यादीत तिने त्या नावापुढे खूण केली.

दोन सिनेमे परदेशातले निवडले. माजिद मजिदी यांचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) मी सहावीच्या वर्गालाही दाखवला आहे. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात आणि दोघे एकच जोडी आळीपाळीने वापरून शाळेत जातात. भाषा कळत नाही, तरी मुले श्वास रोखून बसतात. दुसरा 'वाजदा' (२०१२). सौदीतल्या एका मुलीला सायकल हवी असते. पैसे मिळावेत म्हणून ती कुरआन पठणाच्या स्पर्धेत उतरते. दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर यांना रस्त्यावरची दृश्ये चित्रित करताना व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना द्याव्या लागत. या सिनेमावर घरात वाद झाला. सासूबाईंना त्या मुलीचा उर्मटपणा खटकला. माझी लेक रोज सायकलने शाळेत जाते, म्हणून तिला तो उर्मटपणा वाटलाच नाही. दोघींनी एकमेकींचे ऐकून घेतले, हे मला पुरेसे होते.

'फँड्री' (२०१३) सुरू झाला आणि धाकट्याने तोंड वाकडे केले. डुक्कर हा शब्दही आमच्या घरात कोणी घेत नाही. सासूबाई म्हणाल्या, "हे काय लावलंस?" पण त्या उठल्या नाहीत. गावाने ज्यांच्यावर ते काम लादले, त्या घरातल्या जब्याची शरम सिनेमाभर पाहिल्यावर त्याच म्हणाल्या, "पोराला शाळेतल्या मुलांपुढं हे करावं लागतं, अल्लाह!" आपल्यावर होणाऱ्या अन्यायाची जाणीव मुलांना द्यावी हे खरे. पण दुसऱ्याचे दुःख दिसणार नसेल, तर ती जाणीव अर्धीच राहते.

मग 'गरम हवा'. इस्मत चुगताईंच्या कथेवरून एम. एस. सथ्यू यांनी केलेला हा सिनेमा सेन्सॉरने बरेच महिने अडवून ठेवला होता. नंतर त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला. आग्र्याचे सलीम मिर्झा बुटांचा कारखाना चालवतात. फाळणीनंतर एकेक नातेवाईक निघून जातो, कर्ज मिळेनासे होते, हवेली जाते आणि भाड्याने घर मिळत नाही. गेल्या वर्षी शहरात शिकायला गेलेल्या माझ्या भाच्याला नाव ऐकल्यावर खोली नाकारली गेली होती. त्यामुळे ते दृश्य जुने वाटले नाही.

हवेली सोडायची वेळ येते तेव्हा मिर्झांची म्हातारी आई लाकडांच्या कोठीत लपून बसते. ते पाहताना सासूबाई एकदम बोलल्या. "माझी फुफी कराचीला गेली, तेव्हा दादीनं तीन दिवस चूल पेटवली नव्हती. अम्मी सांगायची." कोकणातल्या पुष्कळ घरांतली माणसे कराचीला गेली, हे मला माहीत होते. पण लग्नाला वीस वर्षे झाली तरी या फुफीचे नाव मी ऐकले नव्हते. त्यांच्या मुलानेही नाही. रात्री बारापर्यंत आम्ही फुफीबद्दलच बोलत होतो.

आठव्या शनिवारसाठी मी 'नसीम' लिहिला आणि खोडला. पुन्हा लिहिला. सईद मिर्झा यांचा हा १९९५चा सिनेमा. १९९२ सालची मुंबई, शाळेत जाणारी नसीम आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. आजोबांची भूमिका कैफी आझमींनी केली आहे. ते नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगतात आणि बाहेर वातावरण तापत जाते. सहा डिसेंबरला ते जातात. नसीम साधारण माझ्या लेकीच्याच वयाची. दहावीच्या वर्षी हे ओझे तिच्या डोक्यावर कशाला, असे एक मन म्हणत होते. माझ्या अब्बांनीही हेच केले होते. मी सातवीत होते, आम्ही कुर्ल्याच्या चाळीत राहत होतो. अब्बांनी रेडिओ बंद केला, खिडक्या लावल्या आणि आम्हा भावंडांपुढे कॅरम मांडला. अम्मी म्हणत होती, सोंगट्या हळू मारा, आवाज बाहेर जातो. खालच्या मजल्यावरच्या मावशी रोज संध्याकाळी दार वाजवून "सगळे आहात ना?" एवढेच विचारून जात. त्या दिवसांबद्दल अब्बा आमच्याशी कधी बोलले नाहीत. आता ते नाहीत.

मी आधी एकटीने सिनेमा पाहिला. त्यात रक्तपात दाखवून भडकवणे नाही. मग शनिवारी सगळ्यांनी पाहिला. संपल्यावर लेकीने विचारले, "अम्मी, तू तेव्हा कितवीत होतीस?"

मी सांगितले. कॅरमचे सांगितले, आणि मावशींचेही. अब्बा घाबरले होते, हेही सांगितले. ती रडली नाही. तिने विचारले, "त्या मावशी आता कुठं असतात?" चाळ सोडल्यापासून मी त्यांची चौकशी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी जुन्या शेजाऱ्यांना तीन-चार फोन केले. पत्ता अजून लागलेला नाही, शोध चालू आहे.

म्हणून वाचक भगिनींना आणि बांधवांना एवढेच सुचवते: यादी करताना गाजलेले कोणते हे कमी विचारा आणि घरात कोणती गोष्ट बोलायची राहून गेली आहे हे जास्त विचारा. मुलांना वही द्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सर्वांत पुढची खुर्ची. तुमच्या घरची यादी मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. दिवाळीच्या सुट्टीसाठी आमची वही पुन्हा कोरी आहे.