यंदा बुन्योल
गेल्या वर्षी २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी आणि स्पेनमधल्या बुन्योल गावची ‘ला तोमातिना’ ही टोमॅटोफेक एकाच दिवशी आली. बाप्पाला सोडून जायला आमच्या नोएडाच्या मंडळींनी साफ नकार दिला, आणि बरोबरच केलं! यंदा टोमॅटो २६ ऑगस्टला, गणपती १४ सप्टेंबरला. ग्रुपवर व्हिसाच्या कागदांची यादी फिरतेय. माझं ऐका, अर्ज आत्ताच भरा, मुक्काम व्हॅलेन्सियात ठेवा आणि त्या दिवशी पहाटेच निघा. टोमॅटोफेक जेमतेम तासभर चालते. त्याआधी गुळगुळीत खांबाच्या टोकावरचं हॅम काढायला पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढतात, ती अगदी आपली दहीहंडी! ती चुकवायची नाही. आणि हो, टोमॅटो आधी हातात चिरडायचा, मगच फेकायचा. तिथला नियमच आहे तो.