बर्फ निळा झाला, दुधाचे काय?

कारखान्यासाठी बनणारा बर्फ सरबतात आणि गोळ्यात जाऊ नये, म्हणून त्याला निळा रंग देण्याची सक्ती महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये केली. निर्णय चांगला होता. निरक्षर ग्राहकालाही फरक डोळ्यांनी कळावा, ही त्यामागची दृष्टी लोकशाहीला साजेशी होती. परंतु दुधाला किंवा कुल्फीला असा रंग देता येत नाही. तेथे तपासणीच हवी, आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगरी मुलखात वानवा आहे ती नेमकी तिचीच.

त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभर दुधाची पाहणी केली. 1,103 शहरांतून घेतलेल्या 6,432 नमुन्यांपैकी केवळ 12 नमुने भेसळीमुळे असुरक्षित ठरले. दिलासा खराच, मात्र ही शहरे निवडली गेली ती 50 हजारांहून अधिक वस्तीची. 2011 च्या जनगणनेत भोर शहराची वस्ती 20 हजारांच्याही आत होती आणि वेल्हे तर खेडेच. त्या तालुक्याला राजगड हे नाव देण्यास 2024 मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. नाव बदलण्याला प्रयोगशाळेइतका खर्च येत नाही!

2006 चा अन्नसुरक्षा कायदा 5 ऑगस्ट 2011 रोजी अमलात आला आणि 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा गेला. अधिकार राज्याच्या आयुक्तांकडे एकवटले. तरीही 2011 च्या नियमांत एक दार उघडे आहे. आयुक्तांनी अधिसूचित केल्यास लहान विक्रेत्यांची नोंदणी पंचायतीचा वा नगरपालिकेचा अधिकारीही करू शकतो. जत्रेत कुल्फीची गाडी लावणाऱ्याला किंवा राजगडावर दही-ताक वाहून नेणाऱ्या बाईला नोंदणीचे शुल्क जड नाही. जड आहे तो संगणकावरचा अर्ज आणि त्यापायी बुडणारा रोज. हे काम गावच्या कार्यालयातच झाले पाहिजे. गावच्या राजकारणात नोंदणी हे अडवणुकीचे हत्यार होईल, ही शंका खोटी नाही. म्हणूनच नमुने घेण्याचा आणि दंडाचा अधिकार वेगळ्या हाती राहिलेला बरा.

पण कायद्याचा बडगा केवळ हातगाडीवरच का? साध्या आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता किमान 10 टक्के असावी लागते. वनस्पती तेल घातलेला माल ‘फ्रोजन डेझर्ट’ या नावानेच विकावा लागतो. वेष्टनावरची ती अक्षरे भोरच्या बाजारपेठेत कोण वाचतो? दुधाची जागा तेल घेते, तेव्हा म्हैस पाळणाऱ्या मावळातल्या कुटुंबाचे गिऱ्हाईकही तेवढेच कमी होते. शिवाय वीज गेली की वितळलेला माल पुन्हा गोठवला जातो, आणि जंतूंना कंपनीचे नाव वाचता येत नाही.

कायद्याच्या 40 व्या कलमाने कोणाही खरेदीदाराला शुल्क भरून वस्तूची तपासणी करवून घेता येते; खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे सांगावे लागते आणि वस्तू दोषी ठरल्यास शुल्क परत मिळते. भोर-वेल्ह्यातील कार्यकर्त्यांनी या कलमाचा पहिला प्रयोग बड्या दुकानातील फ्रीजरवर करावा. हातगाडीचा क्रम त्यानंतरचा.