चित्राचं कुळ विचारणारे

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. हातात कापडाची गुंडाळी. उलगडली तर जाड सुती कापडावर रंगवलेला तरुण मच्छीमार, दोन्ही हातांत माशांच्या माळा. तारकर्लीकडच्या एका होमस्टेच्या भिंतीसाठी तिने तो काढला होता. मूळ भित्तिचित्र ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरच्या अक्रोतिरीचं, मिनोअन काळातलं. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी ते गाव ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं; १९६७ पासूनच्या उत्खननात त्याच्या भिंती वर आल्या. मूळ मच्छीमाराच्या अंगावर वस्त्र नाही. हिने त्याला कमरेला पंचा दिला आणि हातात बांगडे.

"मॅडम, दोघांची बोलणी खाऊन आलेय," ती म्हणाली. एका ओळखीच्या गुरुजींचं म्हणणं, "ग्रीकांचं कशाला? आपलं काहीतरी काढ, चित्रकथी काढ." घरी खालाजान म्हणाल्या, "माणसाचं चित्र? गुनाह आहे बेटी." एकाला चित्र परदेशी वाटलं, दुसरीला परधर्मी. शब्द वेगळे, पण वाक्य एकच: हे आपलं नाही.

आधी गुरुजींचं बघू. सावंतवाडीची गंजिफा आपली की परकी? शब्द फारसी. हिंदुस्थानातला तिचा सर्वांत जुना उल्लेख बाबराच्या आठवणींत, १५२७ सालचा. त्याने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवली होती. तोच खेळ कोकणात आला आणि त्याच्या गोल पानांवर दशावतार बसले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२०. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पानं करायची, त्यावर मत्स्य-कूर्म-वराह रंगवायचे. आज ती सिंधुदुर्गची शान आहे आणि असावीच. पण वाटेत कुणी 'हा मोगली खेळ, आपला नाही' म्हणून दार लावलं असतं, तर आज अभिमान कशाचा बाळगला असता?

आणि 'अस्सल मूळ' म्हणजे तरी काय? क्रीटमधल्या नॉसॉसला आर्थर इव्हान्सने १९०० साली खोदकाम सुरू केलं. तिथल्या एका फुटक्या भित्तिचित्राचे तुकडे जुळवून केशर वेचणारा मुलगा उभा करण्यात आला. पुढे लक्षात आलं की तो मुलगा नव्हताच, ते निळं माकड होतं. म्हणजे ज्याला आपण प्राचीन म्हणतो, त्यातही विसाव्या शतकातला हात मिसळलेला आहे.

चित्रकथीचं म्हणाल, तर ती कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी छाती फुगवली. माझा सवाल साधा आहे. 'आपली चित्रकथी' म्हणणाऱ्या किती जणांच्या घरात पिंगुळीहून पैसे मोजून आणलेलं एक तरी चित्र आहे?

आता खालाजान. हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरातल्या चित्रांच्या पडद्याची हदीस मलाही माहीत आहे. पैगंबरांना (स.) तो पडदा आवडला नाही, तो उतरवला गेला; मग त्याच कापडाच्या उशा झाल्या आणि घरात वापरल्या गेल्या. यातून काय घ्यायचं यावर उलेमांत एकमत नाही. ज्याला चित्र नको त्याने आपल्या भिंतीवर लावू नये. तो त्याचा हक्क, मी त्याचा आदर करते. पण खिशातल्या नोटेवर चित्र चालतं, निकाहचा अल्बम चालतो, फोनमधले हजार फोटो चालतात, आणि गुनाह आठवतो तो मुलीने हातात कुंचला धरल्यावर. ही धर्माची काळजी नाही. मुलीच्या कमाईची धास्ती आहे.

दोघांनीही तिला एक गोष्ट विचारली नाही: किती दिवस लागले आणि हातात काय पडलं? मी विचारलं. अकरा दिवस लागले. रंग-कापडाचा खर्च वजा जाता रोजगार हमीच्या मजुरीइतकंही उरत नव्हतं. मालकाचं म्हणणं, "नेटवरचं चित्र फ्लेक्सवर छापून घेतलं असतं तर स्वस्तात पडलं असतं." शिवाय खाली सही नको, कारण पाहुण्यांना 'अँटिक' वाटायला हवं.

अक्रोतिरीच्या चितारीचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही. राखेनं आणि काळानं ते पुसलं. हिचं नाव पुसायला ज्वालामुखी लागला नाही.

उसनं घेणं हा कलेत गुन्हा नाही. घेतलं कुठून ते लपवणं आणि करणाऱ्या हाताला उपाशी ठेवणं, हा गुन्हा आहे. म्हणून मी तिला तीनच गोष्टी सांगितल्या. कापडाच्या मागे लिही: मूळ चित्र अक्रोतिरीचं. पुढच्या बाजूला सही कर, मराठीत कर, उर्दूत कर, पण दिसेल अशी कर. आणि पुढचं काम घेताना दिवसांचा हिशेब आधी मांड.

वाचकांनो, उद्या एखाद्या भिंतीवर असं कापड दिसलं, तर ते कुणाचं असं जरूर विचारा. फक्त उत्तरात देशाचं किंवा धर्माचं नाव ऐकून थांबू नका. ज्या माणसाने ते रंगवलं त्याचं नाव विचारा.