काटा मध्यावर, इंजिन उकळीवर

मे महिन्याची दुपार, माणसांनी भरलेली गाडी, एसी चालू आणि समोर कसारा किंवा खंबाटकीचा घाट. अर्ध्या चढावर बोनेटमधून वाफ येते आणि चालक म्हणतो, ‘काटा तर आत्तापर्यंत मध्यावरच होता!’ तो खोटे बोलत नसतो. अनेक गाड्यांत हा काटा मुद्दामच तसा जुळवलेला असतो. कूलंटचे तापमान साधारण ८० अंश सेल्सिअसपासून शंभरीपर्यंत गेले, तरी तो जागचा हलत नाही. किरकोळ चढउतार पाहून ग्राहक घाबरू नये, हा त्यामागचा हेतू. काही गाड्यांत काटाही नसतो, फक्त लाल दिवा. तोही उशिराच लागतो.

म्हणूनच अंश दाखवणारा वेगळा मीटर बसवणे ही हौस नव्हे, शहाणपण आहे. नव्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला जोडायचा छोटा डिस्प्ले पुरतो. वायर कापावी लागत नाही. जुन्या गाडीत मात्र रेडिएटरच्या होजमध्ये स्वतंत्र सेन्सर बसवावा लागतो. ते काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे, नाहीतर तिथूनच गळती सुरू होते. आपल्या गाडीचा रोजचा आकडा लक्षात ठेवावा. तो आठ-दहा अंशांनी वाढून चढतच राहिला, तर एसी बंद करून सुरक्षित जागी थांबावे.

मीटरलाही मर्यादा आहेत. कूलंट गळून गेले आणि सेन्सर कोरडा पडला, तर आकडा फसवा, कमीही दिसू शकतो. त्यामुळे थंड इंजिनात टाकीतली पातळी पाहण्याला पर्याय नाही.

खरा धोका माणसाला असतो तो गाडी थांबल्यानंतर. बंद रेडिएटरमध्ये दाब असतो. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी १०० नव्हे, सुमारे १२० अंशांना उकळते. झाकण उघडताच दाब उतरतो, पाणी क्षणात उसळते आणि चेहरा, हात भाजतात. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. भाजलेच तर जखमेवर वीस मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे. टूथपेस्ट लावू नये. मग डॉक्टरांकडे जावे.

मुळात हा खर्च ग्राहकाने का करावा? सेन्सर गाडीत आहेच, आकडा गाडीच्या संगणकाला माहीत आहेच. गाणी आणि नकाशे दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यावर तोही दाखवणे कंपन्यांना जड नाही. ग्राहकांनी तो मागितला पाहिजे.